लिओनार्ड ऑयलर : खांब कधी बाकेल, याचा हिशोब मांडणारा माणूस

प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन तळव्यांत उभी धरा आणि हळूहळू दाबत जा. आधी काहीच होत नाही. पट्टी सरळच राहते. मग एका क्षणी ती अचानक मधोमध बाक घेते. पट्टी तुटलेली नसते, चुरडलेलीही नसते, तरीपण आता ती भार घ्यायला नकार देते. इंजिनिअर लोक याला बकलिंग म्हणतात. स्लॅब भरताना खाली लावलेले टेकू, परांचीचे पाइप, लोखंडी पुलाचे दांडे, धान्याच्या कोठ्या, रॉकेटचं पातळ कवच, या सगळ्यांना हा धोका असतो. आणि हा धोका सांगून येत नाही.

आज सिव्हिल किंवा मेकॅनिकल शिकणारी आपली मुलंमुली हे गणित कॉम्प्युटरवर करतात. सॉफ्टवेअरमध्ये खांबाचं चित्र काढायचं, भार द्यायचा, बटण दाबायचं. काही सेकंदांत एक आकडा येतो आणि बाकलेल्या खांबाचं रंगीत चित्र येतं. आकडा एकपेक्षा मोठा असला की खूण करून पुढे जायचं, अशी सवय सर्रास दिसते. त्या आकड्याचा अर्थ नक्की काय आणि त्यावर किती विसंबायचं, हे फार थोडे विचारतात. म्हणून आज आम्ही तो आकडा ज्यांनी पहिल्यांदा शोधला, त्या माणसाची ओळख करून देत आहोत. त्यांचं नाव लिओनार्ड ऑयलर.

बासेलचा मुलगा

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात झाला. वडील पॉल ऑयलर चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलाने आपलंच काम पुढे चालवावं अशी त्यांची इच्छा होती. पण गणिताचं वेड घरातच होतं. वडिलांनी स्वतः तरुणपणी जेकब बर्नोली यांची व्याख्यानं ऐकलेली होती. बासेलजवळच्या रीहेन गावात लहानग्या लिओनार्डला गणिताचे पहिले धडे वडिलांनीच दिले.

तेराव्या वर्षी मुलगा विद्यापीठात दाखल झाला. तिथे जेकब यांचे धाकटे भाऊ योहान बर्नोली शिकवत होते. त्यांनी रोजची शिकवणी द्यायला नकार दिला, पण एक वाट मोकळी ठेवली. लिओनार्डने अवघड पुस्तकं स्वतः वाचायची आणि जिथे अडेल तेवढंच शनिवारी दुपारी येऊन विचारायचं. अडचणी कमीत कमी घेऊन जायच्या, या जिद्दीने मुलगा आठवडाभर अभ्यास करायचा. आधी स्वतः झगडायचं आणि मगच विचारायचं, ही सवय त्यांना तिथे लागली ती जन्मभर टिकली. पुढे योहान यांनीच वडिलांची समजूत घातली आणि मुलगा गणितात राहिला.

विसाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी बासेलमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. जागा मिळाली नाही. त्याच सुमारास पॅरिसच्या अकादमीने एक स्पर्धा ठेवली होती. जहाजावर डोलकाठी नेमकी कुठे बसवावी, हा प्रश्न होता. समुद्रापासून दूर वाढलेल्या या तरुणाने गणिताच्या बळावर निबंध लिहिला आणि त्याची दखल घेतली गेली. १७२७ मध्ये रोजगारासाठी ते रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले. बासेलला ते पुन्हा राहायला आले नाहीत.

पीटर्सबर्ग ते बर्लिन

पीटर्सबर्गची सायन्स अकादमी तेव्हा नवीकोरी होती. सुरुवातीचे दिवस ओढाताणीचे गेले. पोटासाठी त्यांनी रशियन नौदलात वैद्यकीय खात्यातही नोकरी केली. योहान यांचे चिरंजीव डॅनियल बर्नोली तिथे आधीपासून होते. दोघांची गट्टी जमली. १७३३ मध्ये डॅनियल बासेलला परतले आणि गणिताची मुख्य जागा ऑयलर यांच्याकडे आली. पुढच्या वर्षी कॅथरिना ग्सेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तेरा मुलं झाली. जगली फक्त पाच. १७३५ मध्ये जीवघेणा ताप येऊन गेला. १७३८ पर्यंत उजव्या डोळ्याची दृष्टी गेली.

१७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून ते बर्लिनला गेले आणि पंचवीस वर्षं तिथे राहिले. बकलिंगचं काम इथलंच.

१७४४ मध्ये लोझानहून त्यांचा एक मोठा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. एखादी गोष्ट सगळ्यांत कमी किंवा सगळ्यांत जास्त होईल अशी वक्ररेषा कशी शोधायची, हा त्याचा विषय. ग्रंथाच्या शेवटी एक पुरवणी जोडली होती, लवचिक पट्टीच्या आकारांवर. कल्पनेचा धागा डॅनियल बर्नोली यांनी पत्रातून सुचवला होता. वाकलेल्या पट्टीत जी शक्ती साठते ती कमीत कमी राहील असाच आकार पट्टी घेते. ऑयलर यांनी हा धागा पकडून पट्टी किती प्रकारे वाकू शकते याची नऊ गटांत वर्गवारी केली.

या हिशोबात एक विलक्षण गोष्ट पुढे आली. आपल्याला वाटतं, थोडा भार दिला तर पट्टी थोडी वाकेल, जास्त दिला तर जास्त वाकेल. गणित सांगत होतं की तसं नाही. अगदी सरळ पट्टीवर टोकाकडून भार दिला तर एका ठरावीक मर्यादेपर्यंत ती वाकतच नाही. अगदी केसभर वाकायलासुद्धा तेवढा भार लागतोच. ही मर्यादा म्हणजेच आजच्या पुस्तकांतला क्रिटिकल लोड, ऑयलर लोड.

पुढे बर्लिन अकादमीच्या १७५७ च्या खंडासाठी त्यांनी खास खांबांच्या ताकदीवर फ्रेंचमध्ये लेख लिहिला. त्यातला नियम साध्या शब्दांत असा. खांब जितका ताठ, तितका भार जास्त. लांबी दुप्पट केली तर भार चौथाई. लांबीचा हा नियम लायडनच्या मुशेनब्रुक यांना आधी प्रयोगातून दिसला होता. ऑयलर यांनी त्याच्यामागचं कारण दिलं. आणि एक गोष्ट नीट बघा. या सूत्रात माल किती भाराला तुटतो, हा आकडाच नाही. फक्त ताठपणा आहे. सडपातळ खांब मालाच्या कमजोरीने पडत नाही, आकारामुळे पडतो. म्हणून महागडं, जास्त मजबुतीचं पोलाद वापरलं तरी बारीक, लांब दांडा बाकायचा त्याच भाराला बाकतो, कारण सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो.

इशारा आणि खापर

बर्लिनचे दिवस मानाचे होते, सुखाचे नव्हते. राजाला चटपटीत बोलणारे दरबारी आवडत. साधे, धर्मनिष्ठ ऑयलर त्याला कंटाळवाणे वाटत. एका डोळ्यावरून त्यांची चेष्टाही होई. पॉट्सडॅमच्या राजवाड्यात राजाला उंच कारंजी हवी होती. पाणी टेकडीवर चढवताना नळांत किती दाब येतो, याचं गणित ऑयलर यांनी मांडलं. नळ त्या दाबाला टिकणार नाहीत असा इशाराही दिला. तो मनावर घेतला गेला नाही. नळ फुटले, कारंजी उडाली नाहीत, आणि राजाने पुढे एका पत्रात खापर फोडलं ते गणितावर.

अशी गोष्ट आजही घडते. हिशोब करणारा सांगतो एक, काम करवून घेणारा ऐकतो भलतंच.

डोळे गेले, काम थांबलं नाही

१७६६ मध्ये कॅथरीन दुसरी हिच्या आमंत्रणावरून ते पीटर्सबर्गला परतले. थोड्याच दिवसांत दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रियेने थोडं दिसू लागलं, पण जखम चिघळली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. त्याच वर्षी शहरात मोठी आग लागली. ऑयलर यांचं घर जळालं. बासेलचाच एक कारागीर, पीटर ग्रिम, आत शिरला आणि त्याने त्यांना खांद्यावरून बाहेर काढलं. दोन वर्षांनी पत्नीचंही निधन झालं.

या सगळ्यात काम कमी व्हायला हवं होतं, ते वाढलं. ते तोंडी सांगत आणि मुलगा योहान आल्ब्रेख्त, निकोलस फुस, लेक्सेल असे सहकारी लिहून घेत. लांबलचक आकडेमोड ते डोक्यात करत. आठशेहून जास्त लेख आणि ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. त्यांतला फार मोठा हिस्सा दृष्टी गेल्यानंतरचा आहे.

खांबांचा विषयही त्यांनी सोडला नव्हता. आधीच्या हिशोबात खांबाचं स्वतःचं वजन धरलेलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या, दिसत नसलेल्या ऑयलर यांनी ते धरून पुन्हा हिशोब मांडला. उत्तर भलतंच आलं. खांब कितीही उंच असला तरी स्वतःच्या वजनाने बाकणार नाही, असा त्याचा अर्थ निघत होता. समजुतीला हे पटणारं नव्हतं. त्यांनी ते झाकलं नाही. दुसरा लेख लिहिला, त्याच्या नावातच या विसंगतीची तपासणी असं म्हटलं. तिसऱ्या लेखात खांब स्वतःच्या वजनाने किती उंचीला कोसळेल, हा प्रश्न सरळ हाती घेतला. अकादमीच्या १७७८ च्या खंडात हे तिन्ही लेख एकापाठोपाठ आहेत. आमच्या मते ऑयलर यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग आहे. आपल्याच गणिताचं उत्तर आलं म्हणून ते खरं मानायचं नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

याच काळात कारागीर इव्हान कुलिबिन याने नेवा नदीवर जवळपास तीनशे मीटरच्या एकाच लाकडी कमानीचा पूल सुचवला. पुलाची दहावा हिस्सा मापाची प्रतिकृती बांधून १७७६ मध्ये तिच्यावर भार ठेवून परीक्षा झाली. प्रतिकृती टिकली. पण प्रतिकृती टिकली म्हणजे पूल टिकेल का? ऑयलर यांनी याचाच नियम मांडला होता. सगळी मापं दहापट केली की वजन हजारपट होतं, पण दांड्याचा आडवा छेद शंभरपटच वाढतो. म्हणजे छोट्या नमुन्याने स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलला, तरच खऱ्या पुलाची आशा धरायची. पूल शेवटी बांधला गेला नाही, पण नियम राहिला. आजचं कॉम्प्युटरवरचं मॉडेलही अखेर एक नमुनाच आहे.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी नव्यानेच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल लेक्सेल यांच्याशी बोलणं झालं. त्याच संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन ऑयलर गेले. वय ७६.

सूत्र बरोबर, वाचन चूक

ऑयलर गेल्यानंतर त्यांच्या सूत्राचं काय झालं? बरीच वर्षं इंजिनिअर लोक त्याला नावं ठेवत. प्रयोगातले खांब सूत्राने सांगितलेल्या भारापेक्षा आधीच निकामी होत. १८४५ च्या सुमारास लामार्ल यांनी उलगडा केला. सूत्र फक्त पुरेशा सडपातळ खांबाला लागू आहे. खांब आखूड, जाड असला तर बाकण्याआधी मालच हार मानतो.

हा फरक किती मोठा, ते बघा. वीस मिलिमीटर जाडीची पोलादी सळई घ्या, लांबी दोन मीटर, दोन्ही टोकं बिजागरीसारखी मोकळी. ऑयलर यांच्या सूत्राने ती सुमारे ३९५ किलोला बाकते. लांबी एक मीटर केली तर सुमारे १,५८० किलो. आता लांबी फक्त वीस सेंटिमीटर करा. सूत्र म्हणतं, साडेएकोणचाळीस टन! पण साधं पोलाद त्या जाडीला सुमारे आठ टनांतच दबून जातं. आकडेमोड चुकलेली नाही. ती चुकीच्या जागी वापरली गेली.

मधल्या लांबीचे दांडे तर आणखी फसवे असतात. ऑयलर यांच्या जन्मगावापासून अगदी जवळ म्यूनखेनस्टाइन इथे १४ जून १८९१ रोजी रेल्वेचा लोखंडी पूल गाडीसकट बिर्स नदीत कोसळला. सत्तरहून अधिक माणसं गेली. चौकशीत लुडविग टेटमायर यांनी दांड्यांवर चाचण्या केल्या. मधल्या सडपातळपणाच्या दांड्यांना ऑयलर यांचं सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडात बांधकाम चालू असलेला क्वेबेकचा पूल पडला, ७५ कामगार मेले. दाब सोसणाऱ्या खालच्या दांड्यांना आदल्या दिवसांत बाक आलेला दिसला होता, मोजलाही गेला होता. त्याचा अर्थ काय यावर वाद चालू राहिला आणि काम वेळेत थांबलं नाही.

तिसरा धडा पातळ कवचांनी दिला. डब्यासारखं पातळ नळकांडं दाबलं तर ते हिशोबातल्या भाराच्या चौथाईतही चेपू शकतं. हॉलंडच्या वॉर्नर कॉइटर यांनी १९४५ मध्ये आपल्या प्रबंधात कारण मांडलं. अशा आकारांत डोळ्याला न दिसणारा किंचित पोचाही ताकद पार खाली आणतो. प्रबंध डच भाषेत असल्याने जगाला त्याची किंमत उशिरा कळली. १९६० च्या दशकात नासानेही रॉकेटच्या कवचांसाठी हिशोबाचा आकडा किती कापून वापरायचा, याची नियमावली काढली.

स्क्रीनवरचा आकडा कसा वाचायचा

आता कॉम्प्युटरकडे या. साधं बकलिंग ॲनालिसिस आजही ऑयलर यांचाच प्रश्न सोडवतं. फक्त एका काठीऐवजी हजारो छोट्या तुकड्यांसाठी. ते गृहीत धरतं की वस्तू अगदी सरळ आहे, भार अगदी मधोमध आहे आणि माल कधीच दबत नाही.

उत्तरात मिळतो तो लोड फॅक्टर. आपण दिलेल्या भाराला त्याने गुणायचं. वरच्या दोन मीटरच्या सळईवर १०० किलो दिले तर फॅक्टर ३.९५ येईल. आकडा एकपेक्षा कमी आला तर दिलेल्या भारालाच वस्तू बाकते. आकडा उणे आला तर घाबरायचं कारण नाही. भाराची दिशा उलटी केली तर ती बाकेल, एवढाच त्याचा अर्थ.

आता टोकांची फिकीर करा. तीच सळई, तोच १०० किलोचा भार, पण खालचं टोक घट्ट रोवलेलं आणि वरचं मोकळं असेल तर फॅक्टर ०.९९ वर येतो. म्हणजे सळई पडली. दोन्ही टोकं पक्की जखडली तर तोच आकडा १५.८ होतो. मॉडेलमध्ये टोक जखडलं म्हणून साइटवर ते जखडलेलं असेलच असं नाही. आधी जागेवर जाऊन बघा, मग क्लिक करा.

रंगीत चित्रात दिसतो तो फक्त बाकण्याचा आकार. तिथे एक मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी खांब एक मिलिमीटर वाकेल असा अर्थ नाही. ते माप सॉफ्टवेअरने सोयीसाठी धरलेलं असतं. त्या चित्रातले ताणाचे रंगही खरे नसतात. चित्राचा खरा उपयोग, वस्तू कुठे कमजोर आहे आणि आधार कुठे द्यायचा, हे कळण्यापुरता. पहिले दोन-तीन फॅक्टर एकमेकांच्या अगदी जवळ असतील तर जास्त सावध व्हा, कारण अशा वस्तू बारीकशा खोटीनेही कोलमडू शकतात.

सगळ्यात महत्त्वाचं हे की हा आकडा बहुतेक वेळा वरची मर्यादा सांगतो, हमी देत नाही. त्यानंतर माल दबतो का ते वेगळं तपासायचं. काम महत्त्वाचं असेल तर मुद्दाम थोडा बाक घातलेलं मॉडेल घेऊन, भार टप्प्याटप्प्याने वाढवत, मालाचं दबणंही धरून पुन्हा हिशोब करायचा. आणि कोडमध्ये सांगितलेली कपात सोडायची नाही.

ऑयलर यांना शेवटच्या वर्षांत कागद दिसत नव्हता. तरी चुकीचं उत्तर त्यांना ओळखता आलं, कारण प्रत्येक आकड्याला ते अर्थ विचारत होते. आज आपल्या मुलांसमोर मोठी स्क्रीन आहे, सुंदर रंग आहेत. त्या स्लॅबखाली उद्या कुणीतरी मजूर उभा राहणार आहे, त्या पुलावरून कुणाचं तरी कुटुंब जाणार आहे. रिपोर्टवर सही करण्याआधी तेवढं आठवलं तरी पुरे.